तांड्यातून कायद्याच्या महाविद्यालयात : कै. वसंतराव नाईक यांचे जीवन

आपल्या समाजातील बहुतेक घरांतून कै. वसंतरावजी नाईक यांची तसबीर भिंतीवर लावलेली असते. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. शेतकऱ्यांचे कैवारी, हरितक्रांतीचे प्रणेते आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याची धुरा वाहणारे मुख्यमंत्री म्हणून त्यांची ओळख आपल्या मुलाबाळांनाही आहे. परंतु या थोर पुरुषाने आयुष्याचा आरंभ वकील म्हणून केला, आणि पुढे जे जे केले त्याच्या मुळाशी कायद्याचे शिक्षण होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्यांच्या चरित्राची ही बाजू यंदाच्या स्मरणिकेत सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. तसे करण्यास कारण आहे. ते ओघाने शेवटी येईलच.

कायदा हा शब्द आपल्या वाडवडिलांच्या कानी प्रथम कसा पडला, हे आठवले म्हणजे या चरित्राचे मोल कळते. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणारा आपला समाज. लदेणी हाच त्याचा धंदा आणि तांडा हेच त्याचे गाव. एकोणिसाव्या शतकात पक्क्या सडका झाल्या, आगगाड्या धावू लागल्या आणि लदेणी बसली. धंदा गेला, भटकंती मात्र राहिली. आणि ज्याला घर नाही त्याच्याकडे संशयाने पाहण्याची सरकारची रीत पडली. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली निरनिराळ्या प्रांतांत ज्या जमाती नोंदल्या गेल्या, त्यांत आपलेही लोक होते. ज्याच्या अंगी गुन्हा नाही अशा माणसालाही केवळ जन्मामुळे चौकीवर हजेरी द्यावी लागावी, असा तो कायदा होता.

तांड्याच्या आत मात्र दुसराच कायदा चालत असे. तंटाबखेडा झाला म्हणजे नायक आणि कारभारी नसाब भरवीत. दोन्ही बाजूंचे म्हणणे सर्वांसमक्ष ऐकले जाई आणि निवाडा तोंडी होई. कागद नाही, मुद्रांक नाही, वकील नाही. या व्यवस्थेत गुण होते तसे दोषही होते; त्यांचा विचार पुढे करू. तूर्त एवढेच सांगावयाचे की तांड्यातील माणसाला स्वतःच्या नसाबात बोलता येत होते, पण सरकारी कचेरीत त्याची जीभ लुळी पडत होती.

अशा काळात पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतरावजींचा जन्म झाला. वडील फुलसिंग हे तांड्याचे नाईक. मातोश्रींचे नाव होनूबाई. घराणे मूळचे राठोड. तांड्याच्या नायकीवरून नाईक हे आडनाव रूढ झाले. या घराण्याने फिरता तांडा सोडून जमीन कसण्यास आरंभ केला होता, आणि मुलांना शिकविले पाहिजे ही दृष्टी वडिलांपाशी होती. त्या दिवसांत तांड्यात शाळा कोठली? वसंतरावजींना निरनिराळ्या गावांच्या शाळांतून प्राथमिक शिक्षण पुरे करावे लागले. पुढील शिक्षणासाठी त्यांनी नागपूर गाठले. तेथे मॉरिस कॉलेजातून ते १९३८ साली बी. ए. झाले आणि १९४० साली नागपूर विद्यापीठाची एल्एल्. बी. ही पदवी त्यांनी मिळविली.

या दोन वर्षांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे स्वतः नामांकित वकील होते. १९२५ साली विद्यापीठाचे कायद्याचे महाविद्यालय सुरू झाले. वऱ्हाडच्या मुलाला वकील व्हावयाचे म्हणजे नागपुरास जाणे आले. वसंतरावजी तेथे कायदा शिकत होते त्या सुमारास न्यायमूर्ती हिदायतुल्ला त्या महाविद्यालयात अध्यापन करीत असत. १९३५ ते १९४३ हा त्यांचा अध्यापनाचा काळ. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले आणि उपराष्ट्रपतीही झाले. पंतप्रधानपदास पोहोचलेले पी. व्ही. नरसिंह राव यांनीही कायद्याचे शिक्षण नागपूर विद्यापीठातच घेतले. नागपूरचे उच्च न्यायालय १९३६ साली अस्तित्वात आले आणि त्याची भव्य वास्तू १९४० च्या जानेवारीत खुली झाली. ज्या वर्षी गहुलीचा हा तरुण वकिलीची पदवी घेऊन बाहेर पडला, त्याच वर्षी न्यायाचे ते नवे मंदिर उभे राहिले, हा योगायोग मोठा सूचक आहे.

त्या शिक्षणाचे स्वरूप आजच्या मुलांना ठाऊक नसेल. पदवीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सारी व्याख्याने इंग्रजीतून, पुस्तके इंग्रजी आणि निकालपत्रेही इंग्रजी. घरी गोरबोली, शाळेत मराठी आणि कायद्याच्या वर्गात इंग्रजी, अशा तीन भाषांचे तीन उंबरठे ओलांडून तांड्यातील मुलाला त्या बाकावर बसावे लागे. दंडसंहिता, कराराचा कायदा, पुराव्याचा कायदा, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, हिंदू कायदा, हे सर्व कलमवार आत्मसात करावे लागे. पुराव्याचा कायदा १८७२ सालचा होता. म्हणजे ज्या सरकारने १८७१ साली जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविले, त्याच सरकारने दुसऱ्याच वर्षी गुन्हा पुराव्याने शाबीत करण्याचे सविस्तर नियम घालून दिले! एक कायदा आपल्याविरुद्ध उभा होता आणि दुसरा आपल्या बाजूने उभा राहू शकत होता. परंतु दुसरा कायदा वाचू शकणारे आपल्यात जवळजवळ कोणीच नव्हते. कायद्याचे शिक्षण म्हणजे काय, याचे उत्तर आमच्या मते या दोन सनांच्या मध्ये सापडते. ज्या हत्याराने आपणास जखडले, तेच हत्यार आपल्या हाती येणे म्हणजे ते शिक्षण होय.

पदवी घेतल्यावर वसंतरावजींनी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याबरोबर वकिलीस आरंभ केला. गुरू मोठा लाभला. पंजाबराव विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले, वेदवाङ्मयाचे पंडित, श्री शिवाजी शिक्षणसंस्थेचे संस्थापक आणि बहुजनसमाजाचे पुढारी. वकिली ही केवळ पक्षकाराची फी घेऊन संपत नाही, ती समाजाच्या दाराशी येऊन पोहोचते, हे त्या कार्यालयात पाहावयास मिळाले. पुढे वसंतरावजींनी पुसदला स्वतंत्र व्यवसाय मांडला आणि तेथे त्यांचा लवकरच जम बसला.

पुसदच्या कोर्टात तेव्हा कोणत्या प्रकारचे खटले येत, हे वऱ्हाडातील जाणत्यांस सांगावयास नको. कापसाच्या हंगामावर उचललेले कर्ज, गहाण पडलेली शेते, सावकाराच्या वहीवर उठविलेला अंगठा, जंगलातील लाकूडफाटा आणि चराई यांवरून होणारे दावे. १९३३ सालीच मध्यप्रांत व वऱ्हाडात कर्जदार आणि सावकार यांच्यात तडजोड घडवून आणण्याचा कायदा झाला होता. पण कायदा छापला गेला म्हणून तो तांड्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला पोहोचविणारा माणूस लागतो. आपल्या बोलीत गाऱ्हाणे ऐकून घेईल आणि न्यायाधीशासमोर इंग्रजीत मांडील असा माणूस पुसदच्या कोर्टात प्रथमच उभा राहिला, त्या वेळी आपल्या लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपल्या मनाशी करावी.

येथे एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो, जरी ती आपल्याला फारशी भूषणावह नाही. १९४१ साली वसंतरावजींनी नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी विवाह केला. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. दोन्ही समाजांत खळबळ उडाली आणि दोन्हीकडून विरोध झाला. त्यांचे गुरू पंजाबराव यांनीही जातीबाहेर विवाह केला होता. त्यामुळे शिष्याला वाट दाखविणारे उदाहरण जवळच होते. वसंतरावजी व वत्सलाबाई दोघेही आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. सुशिक्षित वत्सलाबाईंनी पुढे पतीच्या सार्वजनिक जीवनात खंबीरपणे साथ दिली. आज ज्यांची तसबीर आपण हार घालून पूजतो, त्यांच्याच विवाहाला त्या वेळी आपल्यातील अनेकांनी नाके मुरडली होती, हे स्मरणिकेच्या पानावर नमूद असावे. आपण थोरांचा गौरव करतो तो बहुधा उशिरा करतो.

वकिली उत्तम चालली असताना वसंतरावजींचे मन सार्वजनिक कार्याकडे ओढ घेऊ लागले. १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. त्याच १९५२ साली दोन गोष्टी घडल्या. एक, ते मध्यप्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. दुसरी, स्वतंत्र भारताच्या सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द केला आणि त्याखाली नोंदलेल्या जमाती विमुक्त ठरल्या. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना आजही विमुक्त जातींत होते, ती याच इतिहासामुळे. ज्या वर्षी आपल्या पाठीवरचा जन्मजात शिक्का कायद्याने पुसला, त्याच वर्षी आपल्यातील एक माणूस कायदे करणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसला.

१९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. वसंतरावजींकडे प्रथम सहकार आणि नंतर कृषी ही खाती आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले. वकिलाच्या शिक्षणाचे खरे चीज येथे झाले, असे आम्हास वाटते. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी सरकारने त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९६१ च्या मार्चमध्ये अहवाल दिला. त्यात २२६ शिफारशी होत्या. त्यांच्या आधारे जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. जिल्ह्याची शाळा, दवाखाना, विहीर आणि रस्ता यांविषयी जिल्ह्यानेच ठरवावे, हे त्या कायद्याचे सार. तांड्याच्या नसाबात लहानपणी प्रत्येकाला बोलताना पाहिलेल्या माणसाने असा कायदा घडवावा, यात आम्हाला एक सुसंगती दिसते.

त्याच १९६१ साली शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला. तोही महसूलमंत्री या नात्याने त्यांच्याच कारकिर्दीतला. या कायद्याविषयी मतभेद झाले. ठरविलेली मर्यादा फार वर ठेवली गेली, पळवाटा राहिल्या, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. १९७५ साली दुरुस्ती करून ती मर्यादा खाली आणावी लागली. थोर पुरुषांच्या चरित्रात त्यांच्या कार्याच्या मर्यादाही सांगाव्यात, नाही तर ते चरित्र न राहता केवळ आरती होते.

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतरावजी मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. या अकरा वर्षांचा सविस्तर वृत्तांत येथे देण्यास जागा पुरणार नाही. अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात, १९६५ साली, पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर केले की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही तर आपणास येथेच फासावर द्यावे. त्यानंतर संकरित बियाणे, विहिरी, खते आणि धरणे यांचा त्यांनी ध्यास घेतला. १९७२ च्या भीषण दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांना काम मिळाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेला त्यांच्या सरकारने त्याच काळात आधार दिला. या योजनेला कायद्याचे रूप १९७७ साली, म्हणजे ते पदावरून गेल्यानंतर मिळाले. पण मागेल त्याला काम देणे हे दान नसून माणसाचा हक्क आहे, ही कायद्याची भाषा त्या दुष्काळातच जन्मली होती. २००५ साली केंद्र सरकारने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव मार्गदर्शक ठरला.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा कायदा म्हणजे १९७१ सालचा कापूस खरेदीचा. व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला कापूस सरकारने एकाधिकाराने खरेदी करावा आणि शेतकऱ्यास हमीचा भाव द्यावा, हा त्याचा हेतू. पुढील काळात तोटा वाढत गेला आणि ती योजना टिकली नाही. त्यानंतर आपल्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले, हे सांगताना लेखणी जड होते. वसंतरावजींचे कार्य पुरे झाले असे मानून स्वस्थ बसण्याचा अधिकार निदान यवतमाळकरांना तरी नाही.

मुख्यमंत्रिपद सोडल्यावर १९७७ साली ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. गहुलीच्या तांड्यात उगवलेले हे आयुष्य समुद्रापलीकडे मावळले.

त्यांच्या कारकिर्दीत राज्यात कृषी विद्यापीठे स्थापन झाली. १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला, १९७२ साली परभणी व दापोली. यांपैकी अकोल्याच्या विद्यापीठास पंजाबराव देशमुखांचे नाव आहे, आणि २०१३ साली परभणीच्या विद्यापीठास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. अमरावतीच्या एका वकिली कार्यालयात बसणारे गुरुशिष्य, दोघेही कायद्याचे पदवीधर, आणि दोघांची नावे आज शेतीच्या विद्यापीठांवर कोरलेली! कायदा शिकून माणसाने कोठे पोहोचावे, याचे याहून सुंदर उत्तर आम्हास तरी ठाऊक नाही. आणि ज्या नागपूरच्या विधी महाविद्यालयाचा वर उल्लेख केला, त्यास आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे, हेही ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

आता आरंभी राखून ठेवलेले कारण सांगतो. वसंतरावजींना कायदा शिकण्यासाठी नागपूर गाठावे लागले. आज यवतमाळ शहरात अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे विधी महाविद्यालय आहे आणि नागपुरास महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही उभे राहिले आहे. खाजगी शिक्षणसंस्थांनी कायद्याचा वर्ग आपल्या दाराशी आणून ठेवला आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव येथील तांड्यांतून निघालेला मुलगा सकाळच्या एस. टी. ने त्या दारापर्यंत पोहोचू शकतो. मुलगीही पोहोचू शकते. तरीही शिकलेल्या मुलाने नोकरीच्या परीक्षेमागे वर्षे घालवावीत आणि मुलीचे लग्न उरकून टाकावे, हीच आपली रीत अद्याप आहे. दुसरीकडे दर दिवाळीनंतर किती तरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. मुकादमाची उचल, तिचा हिशेब, मजुरीचा दर आणि मुलांची सुटलेली शाळा हे सारे कायद्याचे प्रश्न आहेत. अंगठ्याच्या जागी आता सही आली. पण ज्या कागदावर सही करतो तो कागद वाचून सांगणारा अजून प्रत्येक तांड्यात नाही.

दुसरी गोष्ट आम्ही भीतभीतच, परंतु स्पष्टपणे लिहितो. २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला. जातीबाहेर विवाह केला म्हणून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे, त्याच्याशी रोटीव्यवहार तोडणे, त्यास दंड करणे हा आता गुन्हा आहे. नसाब ही आपल्या पूर्वजांची ठेव आहे. भांडण मिटविणे, दोन भावांस एकत्र आणणे, कोर्टाचा खर्च वाचविणे हे तिचे गुण जपावेत. परंतु माणसाला समाजाबाहेर ढकलण्याचा अधिकार तिला नाही आणि नसावा. १९४१ साली आपल्यातील काहींचे चालले असते तर वसंतरावजी आपल्याला मिळाले नसते. हा विचार ज्या दिवशी एखाद्या तांड्यात बैठक भरेल आणि एखाद्या तरुण जोडप्याचा प्रश्न पुढे येईल, त्या दिवशी मनात असू द्यावा.

तसबिरीला हार घालणे सोपे आहे. तो आपण दर १ जुलैला घालतोच. आमची सभासद कुटुंबांना एवढीच विनंती आहे की यंदा आपल्या घरातील बारावी वा पदवी झालेल्या मुलामुलींपाशी बसून एकदा कायद्याच्या शिक्षणाची गोष्ट काढावी. सर्वांनी वकील व्हावे असे नव्हे. पण तांड्यातांड्यातून एकेक जण जरी कायदा वाचणारा निघाला, तरी गहुलीच्या नाईकांच्या मुलाने तीन भाषांचे उंबरठे ओलांडून जी वाट पाडली, ती वाट गवताखाली बुजणार नाही.